फ्लू, फ्लूची लस आणि जीबीएस : पायातली ताकद अचानक का जाते?

बऱ्हाणपूर, प्रतिनिधी : पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी २०२५ मध्ये एकामागोमाग एक माणसं हातापायांतली ताकद जाऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरं घराघरात पोहोचली. बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर पट्ट्यातली कितीतरी मुलं शिक्षणाला, नोकरीला पुण्यात आहेत. त्यामुळे ही काळजी तापीच्या या काठापर्यंत यायला वेळ लागला नाही. काळजीबरोबर दोन समजही आले. एक, हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. दोन, फ्लूची लस घेतली की हा होतो. पहिला समज साफ चुकीचा आहे. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे. ते थोडं म्हणजे नेमकं किती, हे आकड्यांनीच कळतं, आणि आकडे पाहिले की भीतीची दिशाच बदलते.

लकवा नव्हे, पण लकव्यासारखा

आजाराचं पूर्ण नाव गुलेन बॅरी सिंड्रोम. जॉर्ज गियां, जाँ बारे आणि आंद्रे स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, दोन सैनिकांमध्ये त्याचं वर्णन केलं. नाव मात्र दोघांचंच राहिलं, स्त्रोल मागे पडले. त्याआधी १८५९ मध्ये लँड्री या फ्रेंच डॉक्टरने पायाकडून वर चढत जाणारा लुळेपणा नोंदवून ठेवला होता.

‘वर चढत जाणारा’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आपल्याकडे अंगावरून वारं गेलं किंवा लकवा मारला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मेंदूचा झटका असतो : अंगाची एक बाजू, म्हणजे एक हात, एक पाय, वाकडं तोंड, आणि तेही मिनिटांत. जीबीएस तसा येत नाही. आधी दोन्ही तळपायांना मुंग्या, कधी कंबर-पाठीत दुखणं. मग जिना चढता येत नाही, उकिडवं बसलं तर उठता येत नाही. दोन-चार दिवसांत हात धरतात, चेहरा सैल पडतो, गिळायला त्रास होतो. दोन्ही बाजू साधारण सारख्याच. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, सगळं समजत असतं, पण शरीर ऐकत नाही. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, ही डॉक्टरांची पहिली खूण.

होतं असं, की शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच नसांवर उलटते. एखादा जंतू आत शिरतो, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. काही जंतूंच्या अंगावरची साखर-चरबीची रेणूरचना आपल्या नसांवरच्या रचनेशी हुबेहूब जुळते. चोर समजून घरच्याच माणसाला धरावं तशी ती प्रतिपिंडं नसांना जाऊन चिकटतात. नसेवरचं आवरण, विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकसारखं, खरवडलं जातं आणि संदेश मधेच तुटतात. काही रुग्णांत आवरणाच्या आतली तारच दुखावते, त्यांना बरं व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणूनच हा आजार लागट नाही. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, पण त्यानंतरची ही गडबड ज्याची त्याच्या शरीरात होते. रुग्णाजवळ बसायला, त्याला जेवू घालायला काहीही हरकत नाही.

याचा एक सौम्य भाऊही आहे, मिलर फिशर सिंड्रोम, १९५६ मध्ये नोंदवलेला. त्यात एकाचं दोन दिसतं आणि दारू न पिता माणूस झोकांड्या खातो. आणि एक लांबट भाऊ, सीआयडीपी, ज्यात अशक्तपणा आठ आठवड्यांच्या पुढेही वाढत राहतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सीआयडीपीला स्टेरॉइड लागू पडतं, जीबीएसला पडत नाही.

ठिणगी कुठून पडते

जगभरात वर्षाला लाखामागे एक ते दोन माणसांना जीबीएस होतो. २०११ च्या जनगणनेत बऱ्हाणपूर जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ५७ हजार होती. सरासरीने हिशेब केला तर या एका जिल्ह्यात, कोणतीही साथ नसताना, वर्षाला साधारण सात ते पंधरा रुग्ण अपेक्षित धरावे लागतात. म्हणजे पुण्याच्या बातमीआधीही हा आजार इथे होताच. फक्त त्याला नाव लकव्याचं मिळत होतं, असं म्हणायला जागा आहे.

साधारण तीनपैकी दोन रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत काही ना काही संसर्ग झालेला असतो : जुलाब किंवा सर्दी-ताप. सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोट बिघडवणारा जीवाणू. कच्चं-अर्धकच्चं चिकन आणि दूषित पाणी ही त्याची वाट. पुण्यातही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच सापडला, काहींत नोरोव्हायरसही होता. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला हा पट्टा महापालिकेत अलीकडे आलेला. तिथल्या विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवलं गेलं. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले आणि संशयित धरून दहाहून अधिक मृत्यू झाले.

इथे आपल्या गावाबद्दल एक गोष्ट बाजूला सांगायला हवी. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा, सातपुड्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा, हे बऱ्हाणपूरचं भूषण. जुलै २०२२ मध्ये देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा होण्याचा मानही बऱ्हाणपूरलाच मिळाला, २५४ गावांत नळ गेले. कौतुक आहेच. पण नळ आला म्हणजे क्लोरीन आलं असं नसतं. पुण्यातही नळ होतेच. टाकीत पावडर पडते की नाही, हे ग्रामपंचायतीत विचारायला लाजू नये. पावसाळ्यात तर नाहीच.

बाकी ठिणग्या : सायटोमेगॅलो आणि एपस्टीन-बार हे विषाणू, डेंग्यू, झिका, कोविड आणि फ्लू.

लशीवरचा ठपका : १९७६ चा अमेरिकी हिवाळा

फ्लूच्या लशीचं नाव जीबीएसशी जोडलं गेलं ते अमेरिकेत. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स लष्करी तळावर एक तरुण सैनिक फ्लूने दगावला. तपासात डुकरांमधल्या फ्लूशी मिळताजुळता विषाणू निघाला. १९१८ ची साथ परत येते की काय, या धास्तीने राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मार्चमध्ये साऱ्या देशाला लस देण्याची घोषणा केली. १ ऑक्टोबरला सुया टोचायला सुरुवात झाली आणि दहा-अकरा आठवड्यांत चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली.

मग एकेका राज्यातून जीबीएसच्या नोंदी येऊ लागल्या. १६ डिसेंबरला मोहीम थांबवली. नंतरच्या अभ्यासांतून निघालं, की लस घेतलेल्या दर लाख माणसांमागे साधारण एक जादा रुग्ण झाला होता. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००३ मध्ये पुरावा पुन्हा तपासला आणि त्या वर्षीच्या लशीचा संबंध मान्य केला. त्या लशीत नेमकं काय चुकलं, हे आजही सिद्ध झालेलं नाही. आणि ज्या साथीसाठी हा सगळा खटाटोप, ती साथ फोर्ट डिक्सच्या बाहेर गेलीच नाही. लोकांचा विश्वास उडाला तो इथे, आणि त्याला कारण होतं.

पण १९७६ चा आकडा आजच्या लशीला चिकटवणं म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा ताळेबंद दाखवून आजच्या दुकानाला कर्ज नाकारण्यासारखं आहे. २००९ च्या स्वाइन फ्लू साथीत अमेरिकेने यावर बारीक नजर ठेवली. लस घेतलेल्या २ कोटी ३० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जादा रुग्ण निघाले दहा लाखांमागे १.६. दरवर्षीच्या लशींसाठी हा आकडा दहा लाखांमागे एक ते दोन असा धरतात, काही वर्षी तर जोखीम दिसतच नाही.

आता तराजूचं दुसरं पारडं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात जवळपास १८ वर्षांच्या नोंदींवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लस घेतल्यानंतर दहा लाखांमागे एक जादा रुग्ण आढळला आणि फ्लूसाठी डॉक्टरकडे गेलेल्यांत दहा लाखांमागे सतरा. म्हणजे ज्या आजाराच्या भीतीने लस टाळायची, तो आजार फ्लू झाल्यावर होण्याची शक्यता कितीतरी जास्त. बऱ्हाणपूरच्या भाषेत सांगायचं तर, जिल्ह्यातल्या प्रत्येकाने एकाच वर्षी लस घेतली तरी लशीमुळे वाढणारा रुग्ण एखाद-दुसराच. वर जे सात ते पंधरा आले, ते लशीविनाच.

फ्लूचा स्वतःचा हिशेब तर वेगळाच. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. २०१५ साली देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू नोंदले गेले. याउलट बाजूची एक नोंदही प्रामाणिकपणे ठेवायला हवी : स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात नाकात मारायची एक फ्लू लस आली होती, तिच्यानंतर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्याचे प्रकार वाढले आणि ती बाजारातून गेली. त्या लशीत एका जीवाणूचं विषद्रव्य जोर वाढवायला घातलेलं होतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये आणलेली नाकातली ‘नॅसोव्हॅक’ वेगळी, तिच्यात विषाणूच दुबळा करून वापरला होता.

आपल्याकडचा जुना अनुभव

लशीनंतर नसा दुखावण्याचा भारतातला खरा मोठा अनुभव फ्लूचा नव्हे, कुत्र्याच्या लशीचा आहे. पोटात चौदा इंजेक्शनं, ही धमकी आज चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली. ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास हिमाचलातल्या कसौली इथे ती तयार केली. बाधा झालेल्या मेंढीच्या मेंदूपासून ती बनायची, त्यामुळे विषाणूबरोबर मेंदूतल्या चेतापेशींचा अंशही टोचला जायचा. काहींच्या शरीराने त्या अंशाविरुद्ध प्रतिपिंडं केली आणि ती माणसाच्याच मेंदू-नसांवर उलटली. कुणाला मेंदूची सूज, कुणाला जीबीएससारखा लुळेपणा. डिसेंबर २००४ मध्ये भारताने ती लस बंद केली. आजची रेबीजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनते, दंडात देतात, तिच्यात मेंदूचा अंश नाही. कुत्रा चावल्यावर ती घेण्यात टाळाटाळ म्हणजे मरणाशी खेळ, कारण रेबीज झाल्यावर उपचार नाही.

कोविडच्या काळातही हा प्रश्न आला. २०२१ च्या जूनमध्ये केरळातल्या डॉक्टरांनी कोविशील्डनंतरच्या जीबीएसचे सात रुग्ण नोंदवले, त्या भागात तोवर सुमारे १२ लाख लोकांना लस मिळाली होती. त्याच वर्षी युरोपच्या औषध यंत्रणेने ॲस्ट्राझेनेकाच्या लशीच्या अत्यंत दुर्मीळ परिणामांत जीबीएसचं नाव घातलं. म्हणजे सगळं लपवलं जातं, हेही खरं नाही. लशीनंतर काही झालं तर आशाताई किंवा एएनएम यांच्याकडे नोंद करता येते, ती पुढे जिल्हा पातळीवरच्या समितीकडे जाते.

घड्याळ लावून बघण्याचा आजार

जीबीएसमध्ये ताकद कमी होणं दोन ते चार आठवडे चालतं, मग थांबतं, मग हळूहळू परत येते. धोका पहिल्या टप्प्यात. दर चार-पाच रुग्णांपैकी एकाचे श्वासाचे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर लागतो. हृदयाचे ठोके, रक्तदाब मधेच वरखाली होतात. चांगल्या उपचारांतही शंभरात तीन ते सात रुग्ण दगावतात. मात्र सहा महिन्यांनी पाचपैकी चार जण स्वतःच्या पायावर चालतात. एवढ्या भयानक दिसणाऱ्या आजारात हे प्रमाण फार मोठं आहे, आणि त्यासाठीच पहिले दिवस वाया जाता कामा नयेत.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. विसाच्या आधीच दम तुटत असेल, किंवा सकाळी तिसापर्यंत जाणारा संध्याकाळी अठरावर थांबत असेल, तर सकाळची वाट बघू नका. चूळ भरताना पाणी नाकातून येणं, खोकला दुबळा होणं, मान उचलता न येणं, ही तशीच लक्षणं. ऑक्सिजन मोजणारं बोटाचं यंत्र इथे फसवतं. आकडा ९७ दिसतो आणि स्नायू दमत आलेले असतात.

तपासण्या दोन : नसांतून वीज किती वेगाने जाते ती एनसीव्ही, आणि पाठीतल्या पाण्याची. दुसऱ्या तपासणीत पेशी नेहमीसारख्या पण प्रथिनं वाढलेली दिसतात, पण पहिल्या आठवड्यात ती नॉर्मलही येऊ शकते. म्हणून ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून घरी परतू नये.

उपचारही दोनच, आणि दोन्ही सारखेच गुणकारी. एक प्लाझ्माफेरेसिस : रक्तातला प्लाझ्मा काढून त्याबरोबर उलटलेली प्रतिपिंडं बाहेर टाकणं. दुसरा आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली निरोगी प्रतिपिंडं शिरेतून देणं. वजनाच्या किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला होतात १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. एकेका बाटलीची किंमत कंपनीनुसार काही हजारांपासून, पुण्याच्या साथीत बातम्यांत आली तशी वीस हजारांपर्यंत. गुणाकार वाचकांनीच करावा. वर अतिदक्षता विभागाचा खर्च वेगळा. स्टेरॉइडची गोळी-सलाईन स्वस्त पडते आणि गावोगाव ‘ताकदीची बाटली’ म्हणून लावली जाते, पण जीबीएसमध्ये तिचा उपयोग नाही, हे चाचण्यांनी सिद्ध झालं आहे.

आयव्हीआयजी पहिल्या दोन आठवड्यांत द्यावी लागते, प्लाझ्माफेरेसिसचा फायदा चार आठवड्यांपर्यंत दिसतो. लकवा समजून मालिश करणारा, पाला बांधणारा, किंवा थेट राजस्थानातलं बुटाटी धाम गाठणं, यात हेच दिवस जातात. श्रद्धेला कुणाची हरकत नाही. रुग्ण बरा होऊन परतल्यावरही जाता येतं.

बऱ्हाणपूरहून जायचं कुठे

सीमेवरच्या माणसाला हा प्रश्न आजाराइतकाच छळतो. आयव्हीआयजी, व्हेंटिलेटर आणि मेंदूविकारतज्ज्ञ एका छताखाली हवेत. मध्य प्रदेशात त्याचं ठिकाण इंदूर : महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि खासगी रुग्णालयं. खंडव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पहिला आधार तिथे मिळू शकतो. इच्छापूर महामार्गाने इंदूर १८० किलोमीटरच्या आसपास, वाटेत घाट. याउलट रावेर-सावदामार्गे भुसावळ-जळगाव निम्म्या वेळात, रेल्वेनेही. म्हणून बरेच लोक खाली खान्देशात उतरतात. श्वासाची लक्षणं सुरू झालेल्या रुग्णाला मात्र रेल्वेत किंवा साध्या गाडीत नेऊ नये. श्वासनळी सांभाळणारा माणूस बरोबर असलेली अँब्युलन्सच हवी.

पैशाचं असं, की आयुष्मान भारत कार्ड राज्याबाहेरही, योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. निघण्याआधी १४५५५ वर फोन करून त्या रुग्णालयाचं नाव यादीत आहे का आणि हा उपचार तिथे बसतो का, ते विचारून घ्यावं. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. बऱ्हाणपूरचं रेशन कार्ड तिथे उपयोगाचं नाही, माहेर रावेरचं असलं तरी. मध्य प्रदेश सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या पीएमश्री एअर अँब्युलन्स सेवेत आयुष्मान कार्डधारकांना पैसे लागत नाहीत. त्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून शिफारस हलवावी लागते, म्हणजे पहिल्या दिवशीच जिल्हा रुग्णालयात नाव लागलेलं बरं.

मुलांबाबत आणखी एक काम आहे. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला तर त्याची नोंद सरकारी यंत्रणेत होणं बंधनकारक आहे, मग कारण काहीही असो. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात आणि पोलिओ नाही ना, हे तपासतात. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. तो शेवटचाच राहिला की नाही, हे आजही या नमुन्यांवरूनच कळतं. नमुना मागायला आलेल्या कर्मचाऱ्याला परत पाठवू नये.

लस कुणी घ्यावी

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात फ्लूची लस नाही. महाराष्ट्रात गरोदर महिला आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ती सरकारतर्फे मोफत देण्याची योजना आहे. मध्य प्रदेशच्या बाजूला खासगीत साधारण दीड-दोन हजार रुपये मोजावे लागतात. साठीच्या पुढची माणसं, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर महिला, आणि दवाखान्यात काम करणारे यांच्यासाठी हा खर्च पटण्यासारखा आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करून छाती बिघडलेल्यांचंही नाव या यादीत असायला हवं. आपल्या भागात फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोकं वर काढतो, त्यामुळे लस मे-जूनच्या सुमाराला घेतलेली चांगली. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते.

ज्यांना पूर्वी जीबीएस होऊन गेला आहे, त्यांनी आधी मेंदूविकारतज्ज्ञाला विचारावं. तो फ्लूची लस घेतल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला असेल तर ही लस सहसा टाळतात. फ्लूचा धोका फार असेल तरच डॉक्टर वेगळा निर्णय घेतात. जीबीएस दुसऱ्याच कारणाने, उदाहरणार्थ जुलाबानंतर झाला असेल, तर फ्लूची लस कायमची बंद होत नाही. त्यासाठी जुने कागद लागतात : दाखल झाल्याची तारीख, एनसीव्हीचा अहवाल, आणि आधीच्या दीड महिन्यात काय झालं होतं, त्याची नोंद. डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून ठेवलेलं बरं.